पाळी चुकलीय, हे मूल ठरवलेलं नव्हतं: आता कुणाला काय विचारायचं

फोन बहुतेक रात्री दहानंतर येतो. आधी नुसता श्वास ऐकू येतो, मग "सिस्टर, तुम्ही बार्शीकडं होता ना? मावशीनं नंबर दिलाय." मी ३१ वर्षं सोलापूर जिल्ह्यात एएनएम, म्हणजे गावाकडची सरकारी नर्स होते. आधी उपकेंद्रात, शेवटची नऊ वर्षं ग्रामीण रुग्णालयात. आता हडपसरला लेकीकडं असते, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडते, पालेभाजी निवडते. नंबर मात्र जुनाच ठेवलाय. अशा फोनवर कॉलेजातल्या पोरीच असतात असं लोकांना वाटतं. माझ्याकडं येणाऱ्या जास्त करून लग्न झालेल्या, एक-दोन लेकरांच्या आया असतात. कुणाची गोळी चुकलेली, कुणाचं धाकटं अजून अंगावर पितंय, कुणाचा नवरा "काही होत नाही" म्हणाला होता.

सगळ्यांचा प्रश्न एकच: "आता कुणाला विचारू?" हाच प्रश्न आधी नीट सोडवायचा असतो. आधी मेडिकलवाला, मग शेजारीण, मग यूट्यूब, मग कुणाच्या तरी ओळखीचा कंपाउंडर, अशी फेरी पुरी होईस्तोवर महिना जातो. दवाखान्यात पोचते तेव्हा जे नुसत्या गोळ्यांत झालं असतं त्याला भरती व्हावं लागतं. म्हणून कुणाला काय आणि कोणत्या क्रमानं विचारायचं ते लिहिते. मी सगळ्यांना अगं-तुगंच करते, तेवढं चालवून घे.

आधी तारीख काढ

पाळी चुकली की पहिल्यांदा टेस्ट. मेडिकलमध्ये पट्टी मिळते. आशाताईकडं आणि उपकेंद्रात सरकारची 'निश्चय' नावाची पट्टी फुकट मिळते. सकाळची पहिली लघवी घ्यायची आणि पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच वाचायची. तासाभरानं परत बघून "आता दुसरी रेघ दिसतेय" म्हणून रडायचं नाही. पण वेळेत आलेली दुसरी रेघ कितीही पुसट असली तरी ती रेघच. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर चार-पाच दिवसांनी पुन्हा कर.

दोन रेघा आल्या की पुढचं काम कागद-पेन्सिल घेऊन करायचं: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता? डॉक्टर, कायदा, गोळ्या, सोनोग्राफी, सगळं त्याच दिवसापासून मोजतात. कधी एकत्र आलो होतो, त्या रात्रीपासून नाही.

तारीख आठवत नाही, असं दहातल्या सात जणी सांगतात. मग मी सणांवरून काढते. एकजण म्हणाली, "गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो, पण मला अडचण होती, मी देवळात गेले नाही." झालं, संक्रांतीच्या आसपास. दुसरी म्हणाली, "नागपंचमीला वारुळाला गेले नव्हते." तिसरीनं पोळ्याच्या पुरणाला हात लावला नव्हता. विटाळ-बिटाळ मी जन्मात मानला नाही, पण तारीख काढायला त्याचा मला फार उपयोग झाला. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या आणि गॅस सिलिंडरच्या खुणा असतात, त्यावरूनही आठवतं. हल्लीच्या पोरींना सांगते, पॅडचे पैसे फोनवरून दिले असशील तर ती यादी उघडून बघ.

आता हिशेब. समज, पाळी ४ मार्चला आली होती आणि आज २२ एप्रिल आहे. ४९ दिवस झाले, म्हणजे सात आठवडे. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, ती तारीख आली ६ मे. वीस आठवडे भरतात २२ जुलैला, चोवीस भरतात १९ ऑगस्टला. या तीन तारखा कागदावर लिहून ठेव. तुला काय करायचंय ते अजून ठरलेलं नसलं तरी लिही. विचार करायला किती दिवस हातात आहेत ते त्यावरून कळतं, आणि निम्मी घाबरगुंडी तिथंच कमी होते.

या मोजणीपायी एकदा एक संसार मोडता मोडता राहिला. नवरा ट्रकवर. पाच आठवड्यांपूर्वी घरी येऊन गेलेला. सोनोग्राफीत लिहून आलं सात आठवडे. सासूनं बोटं मोजली आणि घरात आग लागली. मी त्या नवऱ्याला ओसरीवर बसवून सांगितलं, की बाबा, मोजणी पाळीपासून असते, गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनी, म्हणून कागदावर नेहमी दोन आठवडे जास्तच दिसतात. त्याला पटलं. सासूला पटायला बाळाचं नाक बापासारखं निघावं लागलं.

आणखी दोन फसगती सांगते. पाळीच्या सुमाराला थोडे डाग दिसले की "आली पाळी" असं समजून पुष्कळजणी एक महिना घालवतात. नेहमीसारखी आली नसेल तर टेस्ट करायचीच. दुसरी फसगत चाळिशीतल्या बायकांची. ४४ वर्षांची एकजण "पाळी जायची वेळ आली" म्हणून चार महिने गप्प होती. थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं. तिला लाज कसली वाटली, तर मुलीच्या सासरचे काय म्हणतील. त्या चार महिन्यांत तिनं कुणालाही विचारलं नव्हतं.

मग एक माणूस निवड

एकच. चार नको. आईलाच सांगितलं पाहिजे असं नाही. आई कधीकधी इतकी घाबरते की तिलाच सावरत बसावं लागतं. मावशी, थोरली नणंद, होस्टेलची रूममेट, कामावरची मैत्रीण, जी दवाखान्यात चार तास बाकावर शेजारी बसेल आणि घरी येऊन तोंड बंद ठेवेल ती. पुरुषानं सोबत यावं का? चांगला असेल तर जरूर यावं, निम्मी जबाबदारी त्याची आहे. पण तो आला नाही म्हणून काही अडत नाही, हे लक्षात ठेव.

आशाताईबद्दल खरं सांगते, आमच्याच लोकांची गोष्ट आहे तरी. ती बरीच मदत करते, पण ती तुझ्याच गावची सून आहे. तिची तुझ्या घराकडची फेरीसुद्धा चारजण बघतात. तिच्यावर भरवसा असेल तर तिच्यासारखं कुणी नाही. नसेल तर शेजारच्या तालुक्याच्या रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात "तू आमच्या हद्दीतली नाहीस" म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

कुणीच नसेल तर फोन आहेत. १०४ हा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक. जवळची सोय कुठं आहे ते तिथं विचारता येतं. रात्री मनात नको ते विचार येत असतील तर १४४१६, टेलिमानस, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. घरात मारहाण होत असेल, किंवा "पाड" नाहीतर "ठेव" म्हणून कुणी बळजबरी करत असेल, तर १८१. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत, पहिलं बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. इतर जिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. अठराच्या आतल्या मुलीसाठी १०९८.

दवाखान्यात काय बोलायचं

उपकेंद्रात गर्भपात होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित डॉक्टर असतील तरच होतो. म्हणून सरळ ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा सिव्हिल गाठावं. सोलापुरात सिव्हिल, पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर. खासगीत जायचं असेल तर भिंतीवर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र बघ, ते दिसेल असं लावणं नियमानं बंधनकारक आहे. दिसलं नाही तर विचार. विचारल्यावर काउंटरवरचा चिडला तर पायऱ्या उतर.

केसपेपर काढताना खिडकीत सगळं सांगत बसायचं नाही. "स्त्रीरोग ओपीडी, पाळीची तक्रार" एवढं पुरे. आत डॉक्टरसमोर मात्र गोल गोल बोलू नको. वाक्य पाठ करून जा: "माझी शेवटची पाळी अमुक तारखेला आली होती, टेस्ट पॉझिटिव्ह आहे, मला हे मूल नको आहे." किंवा "माझं अजून ठरलेलं नाही, मला सगळे पर्याय समजून घ्यायचेत." दुसरं वाक्यही चालतं! ठरवूनच आलं पाहिजे असं काही नसतं. आधीचं सीझर, फिट्स, दमा, रक्तदाब, चालू गोळ्या, कॉपर-टी आत आहे का, हे कुणी विचारायच्या आधीच सांग. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेव, सोनोग्राफीवाले ओळखपत्र आणि डॉक्टरची चिठ्ठी मागतातच.

सोनोग्राफीची भीती घालतात, ती काढून टाक. १९९४ च्या कायद्यानं मुलगा की मुलगी हे बघायला आणि सांगायला बंदी आहे. गर्भपाताचा कायदा वेगळा आणि त्याच्या आधीचा, १९७१ चा. भिंतीवर 'मुलगी वाचवा'ची पाटी बघून कितीतरी बायकांना वाटतं की गर्भपातच बेकायदा आहे. एकीनं तर मला दबक्या आवाजात विचारलं होतं, "सिस्टर, मला पोलीस नेतील का?" तिला दोन मुलं, नवरा दारूडा, तिसरं वाढवायची ताकद नव्हती. तिला कुणीही नेलं नाही. सिव्हिलमधून दुसऱ्या दिवशी एसटीनं घरी गेली.

कायद्यात काय आहे ते थोडक्यात. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. "मला नको" एवढंच कारण कायद्यात लिहिलेलं नाही. गर्भ राहू दिल्यानं बाईच्या जिवाला किंवा शरीराच्या-मनाच्या तब्येतीला मोठा धोका आहे, असं डॉक्टरचं मत व्हावं लागतं. पण वापरलेलं साधन निकामी ठरून गर्भ राहिला असेल तर मनाला मोठी इजा झाली असं कायदा धरूनच चालतो. पूर्वी तिथं 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' असे शब्द होते, २०२१ च्या दुरुस्तीनं 'स्त्री आणि तिचा जोडीदार' झाले. म्हणजे लग्न झालंय की नाही हा प्रश्न संपला. निरोध फाटला, गोळी चुकली, तर तसं स्पष्ट सांग.

वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठरावीक बायकांसाठी: बलात्कार झालेली, अल्पवयीन, मधेच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंगत्व असलेली, मानसिक आजार असलेली, गर्भात दोष असलेली, आपत्तीत सापडलेली. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अविवाहित बाईलाही यातून वगळता येणार नाही, आणि नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारातच धरायची. चोवीसनंतर गर्भात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड, बाईचा जीव वाचवायचा असेल तर कधीही. बाकीच्यांना हायकोर्टात जावं लागतं. त्यासाठी बाईला, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो, क्रमांक १५१००.

आता सही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची नाही, बापाची नाही, सासूची तर नाहीच. एका खासगी दवाखान्यात माझ्याच भाचीला सांगितलं, "मिस्टरांना घेऊन या, नाहीतर फाइल होणार नाही." मिस्टर दुबईत! मी फोनवर म्हटलं, संमतीचा फॉर्म सी वाचून दाखवा, त्यात मिस्टरांची ओळ कुठं आहे ते सांगा. पलीकडं शांतता. तरी त्यांनी केलं नाहीच, आणि मीही भांडत बसले नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात गेली, झालं. हक्क माहीत असावेत, पण दिवस जात असताना एका काउंटरशी भांडण्यापेक्षा दुसरा काउंटर गाठलेला बरा. "कॉपर-टी बसवून घेतली तरच करू" किंवा "ऑपरेशन करून घे" हेही कुणी अट म्हणून घालू शकत नाही. सल्ला देतील, तो ऐक, आणि तुझं तू ठरव.

नाव बाहेर जाईल का? कायद्यानं जाता कामा नये. संमतीचे कागद पाकिटात बंद करून त्यावर 'गोपनीय' लिहून ठेवतात, मी स्वतः ती पाकिटं चिकटवलीयत. नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पालकाची लेखी संमती लागते आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यानं डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. हे मी लपवत नाही, कारण ऐनवेळी कळलं की लोक पळून जातात आणि पोरीला कुठल्या तरी बोळातल्या खाटेवर झोपवतात. पण त्याच २०२२ च्या निकालात आहे की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव-ओळख देण्याची गरज नाही. ही विनंती तोंडानं स्पष्ट कर, कुणी आपणहून विचारेल या भरवशावर राहू नको.

गोळ्यांचं

पपई, तीळ-गूळ, गरम लसूण, कसले काढे, याबद्दल एका ओळीत: यानं गर्भ पडत नाही, नुसते दिवस वाया जातात. मुळी-काडी आत घालणं तर मरणाला आवतण. पहिल्या काही वर्षांत मी त्या बायका धनुर्वाताच्या आणि सेप्टिकच्या वॉर्डात बघितल्यात.

गर्भपाताच्या गोळ्या खऱ्या असतात, चांगल्या असतात, पण त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या आहेत. गावातल्या मेडिकलमधून "मैत्रिणीनं खाल्ल्या तशाच" आणून खाणाऱ्या पोरी मी पुष्कळ सांभाळल्या. आता इन्स्टाग्रामवर घरपोच विकणारेही निघालेत, पाकिटात काय असतं देव जाणे. आणि ७२ तासांत घ्यायची जी गोळी असते, ती गर्भ राहू नये म्हणून. राहिलेला गर्भ तिनं जात नाही. या दोन्हींत इतका घोटाळा होतो की एकीनं ७२ तासांवाली गोळी सातव्या आठवड्यात लागोपाठ तीनदा खाल्ली होती.

डॉक्टरकडून का? माझ्याकडची एक विशीतली पोरगी होती. मेडिकलच्या गोळ्या खाल्ल्या, थोडं अंगावरून गेलं, तिला वाटलं काम झालं. बाराव्या दिवशी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमधून तिला आणलं, पांढरी फटक, एका बाजूचं पोट दुखत होतं आणि म्हणत होती "खांदा दुखतोय". गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. १०८ वरून सोलापूरला नेली, रात्री ऑपरेशन झालं, वाचली. खाण्याआधी एकदा तपासून घेतलं असतं तर खांदा दुखायची वेळ आली नसती.

डॉक्टर रक्तगट आणि हिमोग्लोबिन बघतात, गरज वाटली तर सोनोग्राफी करतात. तुझा गट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गर्भारपणात अडचण येऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डीच्या इंजेक्शनबद्दल तू स्वतः विचार. पहिली गोळी, मग एक-दोन दिवसांनी दुसऱ्या. दुसऱ्या गोळ्यांनंतर कळा येतात, गाठी पडतात, पाळीपेक्षा जास्त जातं. तो दिवस सुट्टीचा ठेव, सोबत माणूस ठेव, जाड पॅड आणून ठेव, भाकरीचं पीठ मळायला जाऊ नको. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं दोन तास चाललंय, ताप उतरत नाही, घाण वास येतोय, चक्कर येऊन पडलीस, यातलं काहीही झालं तर १०८. तिथं गेल्यावर काय खाल्लंय ते खरं सांग. मेडिकलमधून आणून खाल्लं असलं तरी सांग, उपचार करायला लागतातच. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला परत जाणं चुकवू नको. "बरं वाटतंय" म्हणून ही फेरी निम्म्या बायका टाळतात, आणि पिशवीत काही राहून गेलेलं मग महिन्यानं त्रास देतं.

नऊ आठवडे उलटून गेले असतील तर पिशवी रिकामी करतात. त्याला बायका 'क्युरेटिन' म्हणतात, पण आता बहुतेक ठिकाणी खरवडत नाहीत, ओढून घेतात. लवकर असेल तर त्याच दिवशी घरी सोडतात.

नोकरी करणाऱ्या बायकांना एक गोष्ट माहीतच नसते. प्रसूती लाभाच्या कायद्यात गर्भपात झाला किंवा करून घेतला तरी पुराव्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, हा कायदा लागू असलेल्या ठिकाणी गेल्या वर्षभरात ८० दिवस काम झालं असेल तर. एचआरला कारण सांगायला नको वाटेल हे मला समजतं. पण रजा आहे हे माहीत असावं.

ठेवायचं ठरलं तर, आणि वाढवता येणार नसेल तर

ठेवायचं ठरलं की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदव. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, फॉलिक अॅसिड सुरू होतं. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझर, औषधं, जेवण, नेणं-आणणं, २०११ पासून फुकट आहे. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. लग्न झालेलं नसलं तरी बाळंतपणाला कुणी नाही म्हणू शकत नाही. एखादी सिस्टर टोचून बोलेल. बोलतात आमच्यातल्या काहीजणी, मी नाकारत नाही. जन्मदाखल्यावर बापाचं नाव द्यायचं नसेल तर एकट्या आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असं सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये सांगितलंय.

दिवस जास्त झालेत, ठेवताही येत नाही, अशी बाई आली की मी तिला कधीही "आता उशीर झाला" म्हणून परत पाठवलं नाही. तिच्यासाठी तिसरी वाट असते. बाळंत व्हायचं आणि बाळ रीतसर बाल कल्याण समितीकडं सोपवायचं. सोपवल्यावर आईला दोन महिने विचार बदलायला मिळतात. तेवढ्या काळात ती बाळ परत घेऊ शकते. नाव गुप्त राहतं, आणि नाइलाजानं असं सोपवणं हा गुन्हा धरत नाहीत. ससूनजवळची श्रीवत्स, नगरचं स्नेहांकुर अशा संस्था हे काम करतात. पंढरपूरचा नवरंगे बालकाश्रम तर १८७५ पासूनचा. आमच्या जिल्ह्यातला म्हणून मला त्याचं कौतुक. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरात अशा बायकांची बाळंतपणं करायला सुरुवात केली होती. पुढं त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा तिथंच आलेल्या एका विधवेचा मुलगा.

आणि वॉर्डात कुणी कानाशी येऊन "एक चांगलं जोडपं आहे, स्टँप पेपरवर करून टाकू, तुझाही खर्च निघेल" म्हटलं, तर ते विकणं आहे. त्यात अडकायचं नाही, नंतर बाळ कुठं गेलं हे शोधायलाही कागद राहत नाही.

नंतर

गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतसुद्धा पुन्हा गर्भ राहायची तयारी शरीरात होऊ शकते. "पाळी येऊ दे, मग बघू" म्हणणारी मग दीड महिन्यानं परत माझ्यासमोर. त्यामुळं साधनाचं त्याच फेरीत बोलून घे. सरकारी दवाखान्यात सगळं फुकट आहे: तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी, दहा वर्षं चालणारी कॉपर-टी, निरोध. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची आणि मग एकदा. वार ठरवून कालनिर्णयवर खूण कर, दुधाच्या खुणांशेजारीच.

मनाचं म्हणशील तर कुणी दुसऱ्या दिवशी हलकं होऊन भांडी घासते, कुणी महिनाभर रडते. दोन्ही मी बघितलंय, दोन्हीत काही वावगं नाही. रडणं थांबेना, जेवण जाईना, तर वर दिलेला १४४१६ पुन्हा लाव.

आणि गोळ्या घेऊन झाल्यावर घरी पट्टी आणून रोज टेस्ट करत बसू नको. गेल्या पावसाळ्यात एकीनं नवव्या दिवशी रात्री अकराला फोन केला, रडून आवाज बसलेला, "सिस्टर, अजून दोन रेघा येतायत." गर्भ गेला तरी रक्तातलं ते संप्रेरक उतरायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर पट्टी दोनच रेघा दाखवते. तिला म्हटलं, पट्टी कचऱ्यात टाक, तपासणीची तारीख कधी आहे ते बघ. गुरुवारी होती. गुरुवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला, नुसता अंगठा.